नोकरी सोडली आणि झोप उडाली

पश्चात्ताप झाला म्हणून कोणी डॉक्टरकडे येत नाही. छातीत जळजळते, मानेपासून डोके धरते, पोट साफ होत नाही, पहाटे साडेतीनला जाग येते ती येतेच, अशा तक्रारी घेऊन माणूस येतो. नाडी, ब्लडप्रेशर, पोट तपासून झाले की केसपेपरवर व्यवसाय लिहिताना मी विचारतो, "सध्या काय करता?" या प्रश्नावर काही जण थोडे थांबतात. मग हळूहळू कळते की दोन-तीन महिन्यांपूर्वी नोकरीचा राजीनामा दिला आहे. कोणी काढलेले नाही, स्वतःहून दिला आहे. आणि आता रात्रंदिवस एकच विचार, आपण हे काय करून बसलो!

ज्याची नोकरी गेली त्याचे दुःख लोकांना समजते, चार माणसे घरी येऊन धीर देतात. ज्याने स्वतः सोडली त्याला मात्र "तुला कोणी सांगितलं होतं?" एवढेच ऐकावे लागते. त्यामुळे तो बोलत नाही, आणि न बोललेले सारे पोटाच्या, डोक्याच्या, झोपेच्या तक्रारींतून बाहेर पडते. आपल्यासारख्या गावात असे रुग्ण मोठ्या शहरापेक्षा कमी नाहीत. पतसंस्थेतील कारकून, खासगी शाळेतील शिक्षिका, कारखान्यातील फिटर, स्वेच्छानिवृत्ती घेतलेले कर्मचारी, सर्व थरांतील लोक यात असतात. ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी बीएसएनएलमधून सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. सर्वच्या सर्व पन्नाशी गाठलेले किंवा ओलांडलेले होते, आणि दोन महिन्यांच्या आत देशात टाळेबंदी लागली. निर्णय विचारपूर्वक घेतलेला असला, हाती रक्कम आलेली असली, तरी नंतरचे काही महिने जड जातात, हे त्या वर्षी कित्येक घरांनी पाहिले.

माझ्या एका रुग्णाचे उदाहरण, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, सांगतो. हे गृहस्थ एका औषध कंपनीचे प्रतिनिधी. वय ३८, शिक्षण बी. फार्म., चौदा वर्षे मोटारसायकलवर तीन तालुके पालथे घातलेले. दर महिन्याचे टार्गेट, मार्चअखेर आला की स्टॉकिस्टपुढे हात जोडणे, रात्री जेवणाच्या ताटावरही साहेबांचा फोन. एका मे महिन्यात मीटिंगमध्ये वरिष्ठांनी सर्वांदेखत बोल लावले आणि यांनी त्याच रात्री राजीनामा पाठवून दिला. पहिले पंधरा दिवस मोठ्या आनंदात गेले. मुलांना घेऊन गणपतीपुळ्याला जाऊन आले. जून लागला, शाळेची फी, घराचा हप्ता समोर आला आणि झोप गेली.

जो माणूस चौदा वर्षे बॅग घेऊन दाराशी उभा राहायचा, शेवटचा रुग्ण बाहेर पडेपर्यंत थांबायचा, तो त्या दिवशी नंबर लावून बाकावर बसला होता. बरोबर पत्नी होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हे रात्रभर कूस बदलतात. काय झालं विचारलं की काही नाही म्हणतात." ब्लडप्रेशर १५२/९६ भरले, वजन चार किलोने घटले होते. चौकशी केली तेव्हा कळले की जुन्या नमुन्याच्या पट्ट्यांतून सकाळी पॅन्टोप्रॅझोल आणि रात्री अल्प्राझोलॅम असा उपचार दीड महिना स्वतःच चालू आहे. "सर, डोस बरोबर घेतोय," असे वर सांगितले. डोस खरोखरच बरोबर होता. पण अल्प्राझोलॅमसारखी गोळी रोज काही आठवडे घेतली की शरीराला तिची सवय लागते, आणि मग ती एकाएकी बंद केल्यास पूर्वीपेक्षा अधिक घबराट होते. चिंता आहे तेथेच राहते आणि वर एक नवा आजार पदरात पडतो. (औषधांची नावे पाठ असणाऱ्यांनाच हा मोह अधिक होतो, असे माझे निरीक्षण आहे.)

शरीरात काय घडते?

आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करतात. मध्यरात्रीच्या सुमारास त्याचे रक्तातील प्रमाण सर्वांत कमी असते, पहाटेकडे ते वाढू लागते आणि जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठते. दिवसाच्या कामासाठी शरीराने केलेली ती तयारी असते. मन शांत असेल तर पहाटेची ही चढण आपण झोपेतच पार करतो. मन काळजीत असेल तर झोप अगोदरच हलकी झालेली असते. या वेळी जाग येते, आणि जाग आली की तोच विचार पुढे उभा राहतो. रात्री साडेतीनला कोणाशी बोलता येत नाही, काही करताही येत नाही, म्हणून त्या वेळी प्रत्येक अडचण दिवसापेक्षा दुप्पट मोठी दिसते.

दुसरी गोष्ट झोपेच्या भुकेची. आपण जागे असतो तोपर्यंत मेंदूत अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्याने झोपेची ओढ निर्माण होते. नोकरी सुटलेला माणूस सकाळी नऊपर्यंत लोळतो, दुपारी दोन तास झोपतो, मग रात्री ही ओढ येणार कोठून? त्यात दिवसभर घरी असल्याने पाच-सहा कप चहा होतो. चहातील कॅफीन याच अॅडेनोसिनचा परिणाम रोखून धरते. मोबाईल तर हातात असतोच. म्हणजे अर्धी निद्रानाशाची तक्रार पश्चात्तापाची आणि अर्धी बिघडलेल्या दिनक्रमाची असते. रुग्ण मात्र सगळे खाते निर्णयाच्या नावावर टाकतो.

दिनक्रम मोडल्याने माणसाचे काय होते, याचा एक जुना आणि फार बोलका अभ्यास आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारीएन्टाल नावाचे लहानसे गाव होते. सगळे गाव एका कापड कारखान्यावर जगत असे. १९३० च्या सुमारास तो बंद पडला. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या तरुण संशोधकांनी तेथील कुटुंबांचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९३३ साली ते प्रसिद्ध केले. अपेक्षा अशी की वेळ भरपूर, तर लोक वाचतील, मंडळे चालवतील. घडले उलटेच. गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. पुरुषांची चाल मंदावली, रस्त्यात ते पुनःपुन्हा थांबू लागले, कित्येकांनी घड्याळ बाळगणेच सोडून दिले. स्त्रियांना घरकाम होतेच, त्यांची चाल तशीच राहिली.

तेथील लोकांनी नोकरी सोडली नव्हती, ती गेली होती, हा फरक आहे. पण याहोडाबाईंनी पुढे जो विचार मांडला तो दोघांनाही लागू पडतो. नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी नकळत देत असते, असे त्या म्हणत. दिवसाला वेळापत्रक, घराबाहेरच्या माणसांची संगत, आपण कोणत्या तरी मोठ्या कामात सहभागी आहोत ही जाणीव, समाजातील ओळख आणि सक्तीची हालचाल. नोकरी नावडती असली तरी या पाच गोष्टी ती देतच असते. राजीनामा देताना आपण साहेबाला सोडतो, आणि त्याच कागदावर या पाचही सोडतो. त्याचा हिशेब आधी कोणी करत नाही.

वर सांगितलेल्या गृहस्थांना मी एक कागद दिला आणि म्हटले, "तुम्हाला नेमकी कशाची आठवण येते ते घरी लिहून आणा. पगार सोडून." आठ दिवसांनी ते घेऊन आले त्यात टार्गेट नव्हते, मीटिंग नव्हती, साहेब तर नव्हतेच. स्टॉकिस्टकडचा अकराचा चहा होता. तालुक्याच्या गावी शिरताना ओळखीचे चार लोक हात करत, ते होते. "डॉक्टर नावाने ओळखतात" हे एक वाक्य होते. कागद वाचून ते स्वतःच म्हणाले, "सर, यात कंपनी कुठेच नाही."

हा कागद मी आता बहुतेक अशा रुग्णांना लिहायला सांगतो. काहींच्या कागदावर खरोखरच ती नोकरीच असते. पंचवीस वर्षे एकाच लेथवर काम केलेल्या एका फिटरने लिहिले होते, "मशीनचा आवाज." अशा माणसाने त्याच प्रकारच्या कामाकडे परत जावे, शक्य असेल तर त्याच ठिकाणी विचारून पाहावे. त्यात नाक कापले जाण्यासारखे काही नाही. मालकालाही शिकलेला माणूस परत मिळतो.

पश्चात्तापावर किती विश्वास ठेवावा?

पश्चात्तापात तथ्य नसते असे मी म्हणणार नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला न ठेवता, रागाच्या भरात, दुसरे काम हाती नसताना दिलेला राजीनामा हा घाईचाच असतो आणि तसे रुग्णास सांगितलेले बरे. खोटा दिलासा दोन दिवस पुरतो. पण घाईचा निर्णय आणि चुकीचा निर्णय यांत अंतर आहे. सोडण्याची वेळ चुकलेली असू शकते, सोडणे योग्य असू शकते.

थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली पश्चात्ताप काळाप्रमाणे कसा बदलतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नजीकच्या काळात माणसाला आपण केलेल्या गोष्टी अधिक बोचतात आणि बरीच वर्षे लोटल्यावर न केलेल्या गोष्टी अधिक बोचतात, असा त्याचा आशय आहे. दवाखान्यात मला हेच दिसते. राजीनामा देऊन दोन महिने झालेला माणूस "का सोडली" म्हणून तळमळतो आणि निवृत्तीला आलेला माणूस "तेव्हाच का सोडली नाही" म्हणून हळहळतो. दोघेही आपापल्या वेळी खरेच बोलत असतात. म्हणून मी रुग्णांना सांगतो की पहिले तीन महिने या निर्णयाचा निकाल लावू नका. झोप नाही, भूक नाही, रोज अल्प्राझोलॅम चालू आहे, अशा डोक्याने दिलेला निकाल धरू नये. या तीन महिन्यांत फक्त दिनक्रम आणि पैशाचा हिशेब एवढेच सांभाळावे.

दिनक्रम म्हणजे फार मोठे काही नाही. सकाळी उठण्याची वेळ नोकरीत होती तीच ठेवावी, रविवारीसुद्धा. उठल्यावर अर्धा तास उजेडात चालावे, सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ ताळ्यावर येते. दुपारची झोप वीस मिनिटांवर जाऊ देऊ नये आणि चार वाजल्यानंतर चहा नको. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून रोज ठरावीक तीन-चार तास घराबाहेर पडावे. कोठे जायचे? वाचनालयात, मित्राच्या दुकानात, शेतावर, कोणाच्या तरी हाताखाली काही शिकायला. त्यातून पैसा मिळालाच पाहिजे असे नाही, पण कोणीतरी आपली वाट पाहत असले पाहिजे. काळजी करण्यासाठीसुद्धा वेळ ठरवून घ्यावी. संध्याकाळी अर्धा तास वही घेऊन बसावे, अडचणी आणि उद्या करायची एक गोष्ट लिहावी आणि वही मिटावी. पहाटे जाग आली तर मनाला सांगता येते की याची वेळ सहाची आहे. ऐकायला बाळबोध वाटते, करून पाहिलेले लोक उपयोग होतो असे सांगतात.

आमच्या गृहस्थांनी अल्प्राझोलॅम माझ्या देखरेखीखाली सहा आठवड्यांत हळूहळू कमी करून थांबवले. ब्लडप्रेशर एकदा वाढलेले आढळले म्हणून लगेच गोळी सुरू केली नाही, पुन्हा पुन्हा तपासले, ते आपोआप खाली येत गेले. सकाळी साडेनऊ ते एक ते एका वर्गमित्राच्या मेडिकल स्टोअरमध्ये जाऊन बसू लागले. पहिले दोन महिने फुकट. पुढे तालुक्याच्या एका खासगी रुग्णालयाला औषध खरेदी आणि फार्मसी पाहणारा माणूस हवा होता. कोणत्या औषधाची एक्सपायरी कधी, कोणता स्टॉकिस्ट शब्दाला पक्का, हे यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? काम मिळाले. पगार मात्र आधीच्या दोन-तृतीयांश. पहिला पगार हाती आला त्या आठवड्यात झोप पुन्हा बिघडली आणि ते पुन्हा माझ्याकडे आले, हेही सांगितले पाहिजे. या वेळी गोळी दिली नाही, फक्त घरखर्चाचा कागद दोघा पती-पत्नींनी मिळून बसून करावा असे सुचवले. आज या गोष्टीला चार वर्षे झाली. पगार जुन्या पगाराच्या पुढे गेला आहे, संध्याकाळी सातला ते घरी असतात, ब्लडप्रेशर गोळीविना १२८/८२ आहे. मार्च महिन्यात टार्गेटची स्वप्ने अजून पडतात, असे हसत सांगतात.

पश्चात्ताप आणि नैराश्य

मोठ्या बदलानंतर मन अस्वस्थ होणे, झोप-भूक थोडी बिघडणे हे बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत निवळते. त्याला औषध लागतेच असे नाही. मात्र दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहत असेल, नातवंडे, क्रिकेट, आवडीचे जेवण यांतले काहीच नकोसे झाले असेल, त्याबरोबर वजन घटणे, पहाटे जाग, थकवा, लक्ष न लागणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे ही लक्षणे असतील तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला उपचार आहेत आणि ते चांगले आहेत. नैराश्यावरील आजच्या गोळ्या झोपेच्या गोळ्यांसारखे व्यसन लावत नाहीत. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नयेत आणि बरे वाटताच मनाने बंदही करू नयेत. "माझ्यामुळे घर बुडाले, मी नसतो तर बरे," असे कोणी एकदा जरी बोलले तरी घरच्यांनी ते हसण्यावारी नेऊ नये. सरळ विचारावे, जीव देण्याचे विचार येतात का. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे ठेवू नये, घरातील कीटकनाशके आणि गोळ्यांचा साठा हलवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे.

दारूबद्दल एवढेच की तिने झोप लवकर लागते आणि मध्यरात्रीनंतर मोडते. पहाटेची जाग तिने वाढते.

स्त्रियांविषयी वेगळे लिहिले पाहिजे. बाळंतपण, सासूबाईंचे आजारपण, मुलाची दहावी अशा कारणाने बाई नोकरी सोडते तेव्हा "आता घरीच असते" एवढ्यावर विषय संपतो. तिला पश्चात्ताप होत असेल हे कोणाच्या मनातही येत नाही. ती येते ती अंग दुखते, गळून गेल्यासारखे होते म्हणून. अशा वेळी हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ तपासून घ्यावे, कारण यांतील दोष आपल्याकडे वारंवार सापडतात आणि नैराश्याचे सोंग घेतात. पण रिपोर्ट चांगले आले म्हणून "तुम्हाला काही झालेले नाही" असे म्हणून तिला परत पाठवणे बरोबर नाही. एका शिक्षिकाबाईंना पाच वर्षांनंतर घराशेजारच्या चार मुलींची शिकवणी सुरू केल्यावर जो फरक पडला तो त्यापूर्वीच्या टॉनिकच्या बाटल्यांनी पडला नव्हता. आता त्यांच्याकडे दोन बॅच आहेत.

पगार बंद झाला की काटकसरीत सर्वांत आधी स्वतःच्या गोळ्या बंद होतात, हा मला नेहमी येणारा अनुभव आहे. ब्लडप्रेशर व मधुमेहाची औषधे कोणत्याही परिस्थितीत थांबवू नयेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात व सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळतात, जनऔषधी केंद्रात बरीच स्वस्त पडतात. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा सहसा नोकरीबरोबरच संपतो. म्हणून राजीनाम्याची मुदत संपण्यापूर्वीच, त्याच विमा कंपनीत वैयक्तिक पॉलिसी घेता येईल का हे विचारून घ्यावे.

घरच्या मंडळींनी पहिले तीन महिने "मी सांगत होते" हे वाक्य टाळले तर निम्मे काम होईल. लग्नकार्यात "सध्या काय चाललंय?" हा प्रश्न येणारच. त्यासाठी एक छोटे, खरे उत्तर आधीच ठरवून ठेवावे, "कंपनी सोडली, सध्या दुसरं पाहतोय." त्यापुढे खुलासा करीत बसू नये.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तेथे दाखवावे. प्रवास शक्य नसेल तर टेली-मानस ही केंद्र शासनाची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येते. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाताना जुने रिपोर्ट, चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या आणि शक्यतो घरातील एक माणूस बरोबर न्यावा.

(पुढील आठवड्यात : झोपेच्या गोळ्या, कोणी घ्याव्यात व किती दिवस)